तारे वाटण्याआधी डब्याची मागची बाजू वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शुगर-फ्री एनर्जी ड्रिंक चाखून त्यांना पाचपैकी तारे दिलेला लेख वाचला. लेख चटपटीत आहे, छायाचित्रं सुरेख आहेत. लिहिणाऱ्या दोघा तरुणांनी डबे खरोखर उघडून प्यायलेत हेही वर्णनावरून कळतं. जाहिरातीचं पत्रक समोर ठेवून लिहिलेलं ते नाही. एवढं मान्य करून सांगते, की चव आणि किंमत या दोन्ही बाबतींत लेख वाचकाच्या हाती फारसं काही देत नाही. शिवाय त्यात एक चूक आहे, आणि ती माझ्यासारख्या मधुमेहींना महागात पडू शकते. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, कारण ती समजायला आधीचं थोडं वाचावं लागेल.

हे सांगण्याचा मला काय अधिकार? मी सरबतं आणि स्क्वॅश बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात रसायनतज्ज्ञ होते. दुसऱ्यांनी बनवलेली पेयं चाखायची आणि त्यांना नावं ठेवायची, याचा मला पगार मिळत असे. ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही, असं घरचे म्हणतात. आता नारायण पेठेत राहते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका आहे. त्यामुळे ही पेयं कोण, कधी आणि कशासाठी पितं, हे मला जिन्यातून येता-जाता दिसतं. परीक्षा जवळ आली की सफाईवाल्या ताईंच्या भंगाराच्या पिशवीत रिकामे डबेच डबे असतात.

आधी चवीचं.

कारखान्यात चव बघायची वेळ सकाळी साडेदहा-अकराची. चहा पिऊन, पान खाऊन किंवा अत्तर लावून आलेल्याला त्या दिवशी खोलीत प्रवेश नाही. पेल्यांवर नाव नसायचं, नुसता तीन आकडी क्रमांक, तोही वाटेल तसा निवडलेला. कारण पेल्यावर १ लिहिलं की माणूस मनातल्या मनात त्याला पहिला नंबर देऊन मोकळा होतो. रंगावरून मत बनू नये म्हणून खोलीत लाल दिवा. दोन नमुन्यांच्या मधे कोमट पाणी आणि चार कुरमुरे. सगळ्यात अवघड परीक्षा तीन पेल्यांची. दोन पेल्यांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. वेगळा पेला कोणता ते सांगायचं. स्वतःच्या जिभेचा मोठा अभिमान असलेले साहेब लोक या परीक्षेत आपटलेले मी पाहिले आहेत. एकदा तर खुद्द ज्यांनी तो नवा स्वाद बनवून घेतला होता, त्यांनाच तो ओळखता आला नाही.

आपल्या लेखकांनी काय केलं? डबे फ्रिजमधून काढले, नाव वाचलं, उघडले, एकेक घोट घेतला आणि तारे दिले. अशाने सगळ्यात महागड्या डब्याला साडेचार तारे मिळायचेच. एकतर नाव दिसत होतं, किंमत माहीत होती. दुसरं म्हणजे पेय बर्फासारखं थंड होतं. थंडगार पेयात जिभेला गोडीही कमी कळते आणि कडवटपणाही. डब्यावर 'थंडगार प्या' असं छापलेलं असतं त्यात उत्पादकाचा स्वार्थ आहे. पण अभ्यासिकेतला मुलगा हा डबा गटागटा पीत नाही. सव्वाशे रुपये दिलेले असतात. तो टेबलावर पुस्तकाशेजारी ठेवतो आणि तास-दीड तास पुरवतो. डबा निम्मा होईपर्यंत तो खोलीइतका कोमट झालेला असतो, गॅस उडालेला असतो, आणि शुगर-फ्रीचं पितळ उघडं पडतं ते तेव्हा. तारे द्यायचे तर त्या शेवटच्या घोटाला द्या.

तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते, कारण लेखात 'थोडी आर्टिफिशियल चव' एवढ्यावरच भागवलं आहे. साखर घातलेल्या नेहमीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला ११ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, चहाचे सहा-सात चमचे. ती नुसती गोडी देत नाही. ती पेयाला अंग देते, घोट जिभेवरून जरा जड होऊन जातो, आणि कॅफिन मुळात कडू असतं ते झाकलं जातं. आता ही साखर काढून गोडवा आणायचा तर ॲस्पार्टेम आहे, ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड. ॲसेसल्फेम-के जवळपास तेवढंच. सुक्रॅलोज तर ६०० पट. सहा-सात चमच्यांची जागा चिमटीत मावणारी पूड घेते. गोडी भरून निघते, पण पेय पाणचट होतं आणि कडूपणावरचं पांघरूण निघून जातं. ते लपवायला मग सायट्रिक ॲसिड आणि स्वाद यांचा हात सैल सोडतात. त्यातल्या काही डब्यांची चव मला लहान मुलांच्या तापाच्या गुलाबी औषधासारखी लागते.

शिवाय प्रत्येक गोडव्याचं घड्याळ वेगळं असतं. साखर लगेच गोड लागते आणि घोट गिळला की निघून जाते. ॲसेसल्फेम-के चटकन येतं आणि जाताना मागे कडवट, धातूसारखी छटा ठेवतं. ॲस्पार्टेम किंचित उशिरा येतं आणि रेंगाळतं. सुक्रॅलोज तर पाहुणा निघाला म्हणेपर्यंत दारातच उभा असतो. म्हणूनच एकटं सहसा कोणी वापरत नाही. दोन-तीन एकत्र करून एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची. डब्याच्या मागे ९५०, ९५१, ९५५ असे आकडे दिसले तर ते अनुक्रमे ॲसेसल्फेम-के, ॲस्पार्टेम आणि सुक्रॅलोज. ९६० म्हणजे स्टीव्हियाच्या पानांतला गोडवा. हे चार आकडे लक्षात ठेवले की दुकानात उभ्या-उभ्या चवीचा निम्मा अंदाज बांधता येतो. आणखी एक भानगड आहे. ॲसेसल्फेमचा कडूपणा काहींच्या जिभेला स्पष्ट कळतो, काहींना अजिबात नाही, आणि हा फरक जन्मजात असतो. तेव्हा दोनच माणसांच्या जिभांवर अख्ख्या महाराष्ट्रासाठी तारे ठरवणं धाडसाचंच.

जाता जाता गंमत सांगते. हे गोड पदार्थ सापडले कसे? सॅकरिन १८७९ मध्ये, फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून येऊन हात न धुता जेवायला बसला म्हणून. ॲस्पार्टेम १९६५ मध्ये, अल्सरच्या औषधावर काम करणाऱ्या श्लाटरने कागद उचलायला बोट चाटलं म्हणून. ॲसेसल्फेम १९६७ मध्ये, तिथेही बोट चाटणंच. आणि सुक्रॅलोजच्या गोष्टीत तर आपला माणूस आहे. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात १९७६ मध्ये प्राध्यापक हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस काम करत होते. क्लोरिन जोडलेली साखर 'तपासून बघ' असं त्यांना सांगितलं गेलं, त्यांना ते 'चाखून बघ' असं ऐकू आलं आणि त्यांनी ती सरळ जिभेवर ठेवली. आमच्या प्रयोगशाळेत यातलं काहीही कोणी केलं असतं तर त्याला दुपारच्या आत मेमो मिळाला असता. जगातला गोडवा शोधायचा तर मेमो देणारा साहेब जवळपास नसावा, असं दिसतं.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली: डबे कधीचे होते? ॲस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने हळूहळू फुटतं, आणि त्याचे तुकडे गोड नसतात. एप्रिल-मेमध्ये दुकानाबाहेर फुटपाथवर रचलेल्या खोक्यांतला डबा आणि मॉलच्या थंड कपाटातला डबा एकाच तारखेचे असले तरी एकाच चवीचे राहत नाहीत. उन्हातला फिका आणि जास्त आंबट लागतो. एखाद्या पेयाला आपल्या लेखकांनी 'गोडी कमी' म्हणून तारा कापला आहे. तो तारा कंपनीचा कापायचा की दुकानदाराचा, हे पॅकिंगची तारीख बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

मी घरी काय केलं ते सांगते. वेगवेगळ्या किमतींची शुगर-फ्री पेयं आणली, मधे एक साखरेचंही घुसवलं. स्टीलच्या पेल्यांवर क्रमांक चिकटवले आणि अभ्यासिकेतल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी सकाळी वर बोलावलं. कुरमुरे होतेच. त्यांना वाटलं काकू नाश्ता देणार. थोडे हिरमुसले, पण बसले. साखरेचं पेय जवळपास सगळ्यांनी ओळखलं. परभणीकडचा एक मुलगा म्हणाला, "पहिला घोट सेमच आहे काकू, पण हा दुसरा तोंडातून जातच नाही." याहून नेमकं मी माझ्या कुठल्याच अहवालात लिहिलं नसेल. शुगर-फ्री पेयं एकमेकांशेजारी आली तेव्हा मात्र गोंधळ उडाला. आपला नेहमीचा महागडा डबा डोळे मिटून ओळखू म्हणणाऱ्यांनी बऱ्याचदा बोट ठेवलं ते निम्म्या किमतीच्या पेल्यावर. कोमट करून दिल्यावर तर दोघांनी पेला खालीच ठेवला. याला मी शास्त्रीय चाचणी म्हणत नाही. माणसं थोडी होती आणि लाल दिवा माझ्याकडे नाही. पण नाव झाकल्यावर किंमत जिभेला सहजी कळत नाही, एवढं दिसलं.

त्यातलाच एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, पेला ठेवता ठेवता म्हणाला, "काकू, चवीसाठी कोण पितंय? झोप येऊ नये म्हणून पितो." आपल्या लेखाचा पायाच या एका वाक्याने हलतो. ही पेयं घेणारा बहुतेक गिऱ्हाईक जागं राहण्याचे पैसे देतो. मग रुपयाला किती जागरण मिळतं ते मोजा. त्याचं कोष्टक लेखात नाही.

ते मोजायला सोपंही आहे, कारण आपल्या देशात मर्यादा ठरलेली आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांत या पेयांचं नाव 'कॅफिनयुक्त पेय' असं आहे, आणि लिटरला कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं असं बंधन आहे. म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये कितीही केलं तरी ७५ मिलिग्रॅम. डबा वीस रुपयांचा असो की सव्वाशेचा, त्यावर चित्र बैलाचं असो की वाघाचं, ७५ च्या वर कोणालाच जाता येत नाही. सव्वाशेच्या डब्यात रुपयाला ०.६ मिलिग्रॅम पडतं. हेच वीस रुपयांच्या बाटलीत, ती मर्यादेच्या जवळ असेल तर, रुपयाला साडेतीनच्या पुढे. अर्थात ती बाटली बहुधा साखरेची असते, तो मुद्दा वेगळा.

आता साधी कॉफी घ्या. चिकोरी न मिसळलेल्या इन्स्टंट कॉफीच्या दोन ग्रॅममध्ये ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. घरच्या बरणीतून घेतली तर ती दहा रुपयांच्या आत-बाहेर पडते. थंड पाण्यात घोळून वर बर्फ घातला की झालं. साखर शून्य, गोड गोळीही लागत नाही. म्हणजे डब्यातलं कॅफिन कॉफीच्या आठ-दहा पट महाग. उरलेले शंभर रुपये कशाचे? टॉरिन नावाचा घटक आहे, हे खरं. पण टॉरिन आपलं शरीर स्वतःच तयार करतं. ते १८२७ मध्ये पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं, आणि हे कुठेतरी वाचल्यामुळे अभ्यासिकेतल्या एका माळकरी मुलाने मला घाबरून विचारलं होतं. त्याला सांगितलं तेच इथे सांगते: आता ते कारखान्यात रसायनांपासून बनतं, शंका असेल तर डब्यावरचा हिरवा ठिपका बघून घे. बी गटाची जीवनसत्त्वंही असतात. ती हवीत, पण सव्वाशे रुपये मोजून कशाला?

आणि 'एनर्जी'? आहारशास्त्रात एनर्जी कॅलरीत मोजतात. साखरेच्या डब्यात ती शंभराच्या वर असते, शुगर-फ्रीमध्ये जेमतेम नावाला. ज्यात ऊर्जा नाही त्याला एनर्जी ड्रिंक म्हणायचं आणि ज्यात आहे ते तब्येतीला वाईट म्हणून टाळायचं, असा हा मजेशीर व्यवहार आहे. कॅफिन ताकद देत नाही. मेंदूत थकव्याचा निरोप पोचवणारं ॲडेनोसिन नावाचं रसायन असतं, त्याची जागा कॅफिन अडवून बसतं. निरोप पोचत नाही, थकवा आहे तिथेच असतो. कॅफिनचा अंमल निम्मा व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला प्यायलेल्या डब्यातलं निम्मं पहाटे चारला अंगात असतं. मुलांना हे सांगितलं की ती हसून मान डोलावतात आणि अकराला खाली डबा उघडल्याचा 'फस्स' आवाज येतो.

मुलं मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांनी केलेल्या क्रमवाऱ्याही बघतात, आणि आपल्या लेखावर त्यांची सावली पडलेली दिसते. पण तिकडचा माल वेगळा. तिकडच्या एका लोकप्रिय शुगर-फ्री डब्यात ३५५ मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. आपल्या नियमाने त्याच आकाराच्या डब्यात १०६ च्या वर जाता येणार नाही. तिथे जे 'पैसा वसूल' ठरतं ते इथे ठरेलच असं नाही. मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेतलं तर धोका नाही, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं आहे. तिकडचे दोन डबे म्हणजे तो कोटा संपला. आपल्याकडे डब्यावर दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी पिऊ नये, असा इशारा असतो. तो इतक्या बारीक अक्षरात असतो की मला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. आपण पुरवणीत डब्यांची एवढी मोठी छायाचित्रं छापलीत; एखादं मागच्या बाजूचं छापलं असतं तर?

माझं म्हणणं शुगर-फ्री पेयं निरुपयोगी आहेत असं मुळीच नाही. मी स्वतः घेते. मधुमेहाचं माणूस बाहेर पडलं की पुण्यात त्याची काय पंचाईत होते ते ज्याचं त्याला ठाऊक. अमृततुल्यवाल्याकडे बिनसाखरेचा चहा मागून बघा. साखर पातेल्यातच पडलेली असते, तो तरी काय करणार? उसाचा रस, कोकम, पन्हं, सगळ्यांना लांबून नमस्कार. एसटी स्टँडवर भर उन्हात काही थंड आणि तरतरी देणारं हवं असेल तर सत्तावीस ग्रॅम साखर नसलेला डबा ही चैन नसते. तिथे मी चवीचे तीन तारे सुखाने देईन. मात्र कॅफिननेसुद्धा काही मधुमेहींच्या रक्तातली साखर थोडी वर जाते, हे आपलं आपण यंत्रावर तपासून घ्यावं. तरतरी नको असेल तर मीठ घातलेला लिंबू-सोडा याहून चांगला आणि स्वस्त, हे माझं आजचं नाही, कारखान्यातल्या दिवसांपासूनचं मत आहे.

कॅन्सरच्या भीतीबद्दल लेखात एक सनसनाटी चौकट आहे, तिला दोन ओळीत उत्तर देते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं हे खरं. त्याच वेळी संघटनेच्याच तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोला रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली हेही खरं. त्या हिशोबाने सत्तर किलोच्या माणसाला धोक्याची रेषा ओलांडायला डाएट पेयाचे दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. त्याआधी मे महिन्यात संघटनेने वजन कमी करण्यासाठी असल्या गोडव्यांवर विसंबू नका असं सांगितलं होतं, आणि तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. तुमच्या चौकटीत पहिला अर्धा भाग आहे, बाकीचा नाही.

किमतीचं बोलताना कर विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. सव्वाशेच्या डब्यात पस्तीस-छत्तीस रुपये सरकारचे. त्यात साखर असो वा नसो, दर तोच. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून वेगळी रीत आहे: १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या खाली साखर असेल तर तो खास कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला एक दर, ८ च्या वर त्याहून चढा. झालं काय, तर कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या कृतीतली साखर उतरवली. आपल्याकडे साखर काढल्याबद्दल उत्पादकाला बक्षीस नाही आणि घेणाऱ्याला सवलत नाही. कॅफिनवरचा कर कमी करा असं मी म्हणणार नाही. खाली बसलेल्या मुलांकडे बघून तर नाहीच. पण ११ ग्रॅमवाल्यावर आणि शून्यवाल्यावर सारखाच कर, हे गणित मला पटत नाही. आपल्या अर्थविषयक पानावर कोणी यावर लिहिलं तर आवडीने वाचेन.

शाळकरी मुलांबद्दल थोडक्यात. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं होतं. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठराच्या आतल्यांना ही पेयं विकायला बंदी केली. अशा वेळी आपल्या लेखातल्या छायाचित्रात हातात डबा धरून हसणारा मुलगा नववी-दहावीच्या वर वाटत नाही. साखर नाही म्हणजे मुलांना चालतं, असा समज पालकांत आहेच. शेजारच्या सुनेने मला तसं सांगितलंही: "शुगर-फ्री आहे ना मावशी, म्हणून देते." साखर गेली तरी कॅफिन तेवढंच राहतं.

आता ती चूक. आपल्या यादीत चौथ्या क्रमांकावर असलेलं, चार तारे मिळालेलं पेय शुगर-फ्री नाहीच. मी दुकानात जाऊन डबा फिरवून बघितला. समोर 'लो शुगर' असं आहे आणि मागच्या तक्त्यात १०० मिलिलिटरला २ ग्रॅम साखर लिहिली आहे. जाहिराती आणि दावे यांच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे 'शुगर-फ्री' म्हणायचं तर १०० मिलिलिटरला साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. 'लो शुगर'साठी अडीच ग्रॅमपर्यंत चालते. कंपनीने डब्यावर बरोबर लिहिलं आहे, घोटाळा लेखात झाला आहे. लेखकांनी त्याच्या चवीचं कौतुक करताना 'शुगर-फ्री असूनही पाणचट नाही, गोडी अगदी नैसर्गिक' असं लिहिलंय. नैसर्गिक लागणारच, त्यात साखर आहे! ५०० मिलिलिटरची बाटली घेतली तर दहा ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच चमचे. ज्यांनी आपला लेख वाचून ते मधुमेही आई-वडिलांसाठी नेलं असेल त्यांना हे कळायला हवं. कृपया येत्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि त्याच पानावर, याचा खुलासा छापावा.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त रसायनतज्ज्ञ), नारायण पेठ, पुणे

ता.क.: पत्र मोठं झालं आहे. कापायचंच असेल तर बोटं चाटणाऱ्यांचा परिच्छेद कापा, शेवटचा नको.